रॅमची पट्टी

माझा कॉम्प्युटर दुरुस्तीहून परत आला तो आधीपेक्षा हळू होऊन. रेणापुरात घरी बसून मी लग्नपत्रिका नि प्रश्नपत्रिका टाइप करायची. आता एक फाइल उघडेपर्यंत चहा निवायचा. शेवटी झाकण उघडून पाहिलं, तर रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक गायब.

लातूरच्या ज्या दुकानात तो दुरुस्तीला दिला होता, तिथं जाऊन विचारलं, तर दुकानदार हसला. "एकच होती की, ताई. तुमाला त्यातलं काय कळतंय?"

त्या हसण्यानं अंगाची आग झाली. दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर ठाण मांडलं. कुणी कॉम्प्युटर घेऊन आलं की सांगायची, "आत द्यायच्या आधी उघडून फोटो काढून ठेवा. माझी रॅम यानंच काढलीय." काही गिऱ्हाइकं तिथूनच माघारी फिरायची. मला लई बरं वाटायचं.

एका दुपारी तो स्वतःच रस्ता ओलांडून आला. पट्टी माझ्यापुढं ठेवत म्हणाला, "चुकून राहिली व्हती. आता जावा घरी."

घरी येऊन पट्टी बसवली. कॉम्प्युटर पुन्हा पळायला लागला.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच टपरीवर बसायला मी लातूरची बस धरली.