खुर्ची सोडून उभं राहायचं

एजन्सीच्या सरांचा फोन आला तेव्हा मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. सर मोजकं बोलणारे. "परत ये. डिझाइनचं सगळं तूच बघ. सोमवारपर्यंत सांग," एवढंच म्हणाले. तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून मी घरून स्वतःची वेबसाइटची कामं घ्यायला लागले, तेव्हा हेच सर म्हणाले होते, "सहा महिन्यांत येशील." ही तीन वर्षं मी बरीचशी त्या वाक्याच्या रागावर काढली. पण आता फोन ठेवल्यावर राग आलाच नाही. राजारामपुरीतलं ते दुसऱ्या मजल्यावरचं ऑफिसच आठवत राहिलं. ओला टॉवेल तसाच बादलीत टाकून मी आत गेले.

त्या ऑफिसात एक पद्धत होती. वेबसाइट लाइव्ह करायच्या आधी ती जिनं बनवली तिनं आपली खुर्ची सोडायची. तिच्या जागी दुसऱ्या कुणीतरी बसायचं आणि पान अन् पान मोठ्यानं वाचायचं, प्रत्येक बटण दाबून बघायचं. बाकीचे भोवती चहाचे कप घेऊन उभे. जिचं काम आहे तिनं मागं हाताची घडी घालून उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. खुर्चीतला वाचताना अडखळला तरी नाही, चुकीचं बटण दाबत बसला तरी नाही. गिऱ्हाइकाला समजावायला आपण त्याच्या घरी जाणार नाही, असं सरांचं म्हणणं.

खुर्चीत बहुतेक वेळा काका बसायचे. काका म्हणजे आमचे टेस्टर. वय पन्नाशीच्या पुढचं. त्यांची आधीची सगळी नोकरी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तपासनीस म्हणून झालेली. साच्यात ओतून आलेलं लोखंडी कास्टिंग हातात घेऊन, फिरवून, त्यातली खोट काढायची, हे त्यांचं काम. कंबर धरली म्हणून ते सोडलं. सरांनी त्यांना मुद्दाम घेतलं होतं. कॉम्प्युटर कुणालाही शिकवता येतो, खोट काढायची नजर शिकवता येत नाही, असं सर म्हणायचे. काका एका बोटानं टाइप करायचे आणि त्याच बोटानं माझी आठवड्याची मेहनत पाण्यात घालायचे. "ह्यो नंबर दाबला तर फोन लागंना." "हितं गिऱ्हाईक अडकतंय बघ." मला ते डोक्यात जायचे. मनात मी त्यांना काय काय म्हणायचे ते इथं लिहिता येणार नाही.

मी नोकरी सोडली ती त्यांच्यामुळंच, असं तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं. एका हॉटेलची साइट मी फार मन लावून केली होती. फोटो सरकत यायचे, अक्षरं हळूच उमटायची. काकांनी ती शेवटपर्यंत वाचली आणि खुर्ची वळवून म्हणाले, "कास्टिंगमधी हवा ऱ्हायली की वरनं चकचकीत दिसतंय, आत पोकळ. तुझं पान तसं हाय. रूमचं भाडं कुठंच न्हाय की." सगळे हसले. भाडं खरंच कुठंच नव्हतं. पण माझ्या कामाला पोकळ म्हटलेलं मला सोसलं नाही. महिन्याभरात मी राजीनामा दिला.

घरून काम करण्यात सुख आहे, ते मी नाकारत नाही. नको ते गिऱ्हाईक नाकारता येतं. मनात आलं तर मलकापूरला मावशीकडं जाऊन तिथल्या ओट्यावर बसून काम करता येतं. आईला मात्र अजून वाटतं की मी घरात आहे म्हणजे मोकळीच आहे. गॅसवाला, पाहुणे, शेजारणीचं कुरिअर, सगळं माझ्याकडं. पण कामात नाक खुपसणारं कुणी नव्हतं. पहिलं वर्षभर मला त्याचंच अप्रूप होतं. साइट झाली की मी एकटीच ती दोनदा बघायची, ठीक आहे म्हणायची आणि लाइव्ह करायची. गिऱ्हाईक "छान" असा मेसेज करायचं. पुढं पुढं तर नुसता अंगठा यायचा.

सरांचा फोन येण्याच्या आठवडाभर आधी एक गोष्ट घडली होती. शिरोलीतल्याच एका छोट्या फाउंड्रीची साइट मी केली होती. पहिल्याच पानावर त्यांच्या एका ब्रॅकेटचा, म्हणजे यंत्राला आधार देणाऱ्या ओतीव तुकड्याचा, मोठा फोटो होता. त्याचं तोंड पानाच्या बाहेर वळलेलं दिसत होतं, म्हणून मी फोटो आरशात दिसावा तसा डावा-उजवा उलटवला. फोटोत माणूस असो की वस्तू, तोंड मजकुराकडं असावं, हा आमचा साधा नियम. उलटवलेला फोटो मला फार सुंदर दिसला. तीन आठवड्यांनी मालकांचा फोन आला. "ताई, आमचा माल आरशात बघून काढलाय काय? आम्ही उजव्या बाजूचा पीस करतोय, लोक डाव्याचा भाव विचारायला लागल्यात." ते हसत होते. मीही हसले, माफी मागितली आणि पाच मिनिटांत फोटो सरळ केला.

मग लॅपटॉप बंद करून बसले. काकांनी तो फोटो बघताक्षणी बोट ठेवलं असतं. सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढली असती. मला ते हवं होतं. मला मागं हाताची घडी घालून उभं राहायचं होतं. तीन वर्षांत पहिल्यांदाच हे मी स्वतःशी कबूल केलं, आणि आठवड्याभरात नेमका सरांचा फोन आला.

शनिवारी मी ऑफिसात गेले. हो म्हणायचं असं जवळजवळ ठरवूनच. जिना तोच, खालचा चहावाला तोच, त्यानं "लई दिसानं" म्हणून ओळखही दाखवली. वर तिघेच होते, कानात हेडफोन घालून. बाकीचे घरूनच काम करतात, सर म्हणाले, आता सगळीकडं असंच आहे. तपासणीला एक सॉफ्टवेअर घेतलंय, तुटलेल्या लिंका ते आपोआप शोधतं. मी विचारलं, "काका?" "ते गेले गावाला. दीड वर्ष झालं." सरांनी मला चांगला पगार सांगितला, खिडकीजवळची जागा दाखवली. मी बघून घेतलं, चहा प्याले आणि खाली येऊन गाडीजवळ उभी राहूनच त्यांना मेसेज केला, की नाही जमणार. सोमवारची वाट बघण्यात अर्थ नव्हता. ज्याच्यासाठी यायचं ते तिथं उरलं नव्हतं.

मग तिथूनच काकांना फोन लावला. ते राधानगरीजवळ आपल्या गावी होते. "चार म्हशी हायत," म्हणाले. "त्यांच्यात काय चूक सापडंना." मला हसू आलं आणि रडूही. उलट्या ब्रॅकेटचं सांगितलं तर ते हसले नाहीत. त्यांना ते विनोदी वाटलं नसावं.

"मग आता एकटीच करतीस व्हय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आनि बघतंय कोन?"

"गिऱ्हाईक बघतं की, काका."

"गिऱ्हाईक न्हवं गं. तुझं काम बघतंय कोन?"

मी म्हणाले, "काका, तुमची रेंज जातेय, आवाज येत नाही," आणि फोन ठेवला. राधानगरीकडं रेंज जाते, ते त्यांनाही माहीत आहे. पण त्या वेळी त्यांचा आवाज अगदी स्वच्छ येत होता.