दोन नावांची बाई

किन्हवलीत माझ्या धाकट्या जावेला सगळे दर्शना म्हणतात. मुरबाडकडच्या माहेरी ती कुणाली. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने तिचं नवं नाव काढलं, तेव्हा ताट धरून मीच बसले होते. माझंही नाव असंच बदललेलं, मला त्याचं काही वाटलं नव्हतं. हिला वाटलं. "नवं घाला, पन जुनं पुसू नका," असं नवरी भर मांडवात म्हणाली. मी मनात म्हटलं, ही काही आपल्या घरात टिकत नाही.

टिकली, आणि वर माझ्याच नाकावर टिच्चून टिकली. पण तिच्या कागदांचे हाल झाले. बारावीचं सर्टिफिकेट कुणालीचं, रेशनकार्ड दर्शनाचं. कुठलाही फॉर्म भरला की परत यायचा, नाव जुळत नाही. "अहो, बाई एकच हाय ना?" असं ती प्रत्येक खिडकीवर भांडायची आणि मी लांब उभी राहून ओळख नसल्यासारखं करायची.

दोन वर्षांपूर्वी तिला ठाण्याच्या एका कंपनीचं घरबसल्या काम लागलं, सर्टिफिकेटवरच्या कुणाली नावाने. तिकडे लांब कुठल्याशा देशात लढाई चालू आहे. टॉवर पडले, तारा तुटल्या, तेव्हा लोक घरावर छत्री लावून थेट आकाशातून इंटरनेट घेतात. आपली टीव्हीची छत्री असते तशीच. पण तसलीच छत्री शत्रू ड्रोनलाही लावतो. म्हणून तिथल्या सरकारने यादी केली. जिचं नाव यादीत ती छत्री चालू, बाकीच्या वरूनच बंद. यादीसाठी आलेले, इंग्रजीत करून पाठवलेले अर्ज तपासायचं काम फिरत फिरत आमच्या माजघरात आलं होतं. कागद जुळले की हिरवं बटण, नाही जुळले की लाल. "सरकार, आमच्या मोबाईलला पन रेंज सोडा की," म्हणून मी तिला भाकऱ्या थापता थापता चिडवायची.

एका शुक्रवारी दुपारी तिने हाक मारली. "ताई, जरा इकडं या."

पडद्यावर एका बाईचा फोटो होता. पन्नाशीची, डोक्याला रुमाल, डोळ्यांखाली काळं. दर्शनाने अर्ज वाचून दाखवला. ती सुईण होती. तिच्या गावात डॉक्टर उरलेला नाही. बाई अडली की ही छत्रीच्या इंटरनेटवरून शहरातल्या डॉक्टरला दाखवते, तो सांगेल तसं करते. आता छत्री यादीत नाही म्हणून बंद झालेली. रोज कोसभर चालत शेजारगावी जाऊन ती तिथल्या नेटवरून अर्ज करत होती. हा तिसरा. त्या दिवशी पाचला यादी बंद होणार होती, पुढची महिन्याने. आणि तिच्याकडे तीन बाया दिवस भरलेल्या.

"मग अडलंय कुठं?" मी विचारलं.

"सुईणपणाच्या दाखल्यावर एक आडनाव, ओळखपत्रावर दुसरं. खाली लिवलंय बगा, मी तीच आहे, लग्न झालं. लग्नाची नोंद होती ती कचेरी जळाली." मग ती माझ्याकडे वळली. "पयल्यांदा लाल कोनी दाबलं, ठाव हाय? मी. नावं दोन दिसली आन् दाबून मोकळी झाले. मी, ताई! मी!"

तिला इतकं खजील झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला तिची कीव आली, आणि खिडकीपासून लांब उभ्या राहणाऱ्या माझीही.

पण डोळे पुसून तिने आधी काम केलं. आजची तारीख लिहिलेला कागद हातात धरून छत्रीशेजारी उभं राहून फोटो पाठवा, असं त्या बाईला कळवलं. घरी जाऊन, परत शेजारगावी येऊन तिने दोन तासांनी फोटो पाठवला. मागे काच नसलेल्या खिडक्या, हातात कागद. छत्रीचा नंबर जुळला. दोन्ही कागदांवरच्या फोटोंतला चेहरा तोच, डाव्या भुवईवरचा व्रणही तोच. मग तिने वरच्या साहेबांना, रोशन सरांना, स्पीकरवर फोन लावला.

माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. "कुणाली, उद्या त्याच छत्रीवरून ड्रोन उडला तर? नाव जुळत नाही म्हणजे लाल. नियम आहे."

चिडली की हिची बोली सुटते. "मी दाबनार नाय. तुमी दाबा. तुमच्या नावानं दाबा."

कारण बटण कोणी दाबलं, त्याचं नाव तिथे कायमचं उमटतं.

"काम जाईल तुझं."

"जाऊ द्या. तिकडं बाईच जायची वेळ आलीय."

पाचला दहा कमी असताना तिने हिरवं दाबलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'तपासले. बाई एकच आहे.' सहाच्या आत तिचा लॉगिन बंद झाला.

सोमवारी रोशन सरांचा फोन आला. "तुझं हिरवं काढायला दुसऱ्या कोणाचं तरी नाव लागतं," म्हणाले. "मला सांगितलं होतं. मी माझं नाव दिलं नाही. छत्री चालू आहे." दर्शना तिथेच उंबऱ्यावर बसून रडली आणि मी, जी टोमण्यांपलीकडे तिच्याशी कधी धड बोलत नव्हते, तिच्याशेजारी बसून रडले.

चार दिवसांनी कंपनीने कळवलं, हिरवं बटण चुकून दाबलं असं लिहून दे, म्हणजे कंपनीवर ठपका येणार नाही, आणि परत कामावर ये. घरात सगळ्यांनी समजावलं, एका ओळीचा तर प्रश्न आहे. तिने संध्याकाळी लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं. "काय चुकलं आसंल तर सांगा."

मी वाचलं. 'माझ्याकडून चूक झाली हे खरं आहे. ती पहिल्यांदा लाल दाबलं तेव्हा झाली. हिरवं मी बघून, समजून, माझ्या नावाने दाबलं.'

तिच्या आमटीत रोज मीठ कमी म्हणून खोड काढणारी बाई मी.

"पाठव," म्हटलं. "एक अक्षर हलवू नको."