भातासारखी लावलेली ऑर्किडं

आधी भोरच्या अमीनाचाचींचं नाव घेतो. मी आठवीत असताना डोंगरावरच्या वाडीतून शाळेसाठी आलो, तेव्हा त्यांनी मला आपल्या घरी ठेवून घेतलं. म्हणून मी शिकलो, घरातला पहिला पदवीधर झालो, आणि म्हणूनच त्या सकाळी शिवऱ्याजवळच्या पॉलिहाऊसमध्ये मालकांची बोलणी खायला हजर होतो.

"निलेश, ही झाडं आहेत की उकडलेली भाजी?" साहेबांनी एक पान बोटानं वर उचललं आणि सोडलं. ते तसंच खाली पडलं.

लांबलचक टेबलांवर ऑर्किडच्या कुंड्या मांडलेल्या होत्या आणि सगळ्यांची पानं लोळली होती. ऑर्किडचं निरोगी पान जाड आणि ताठ असतं, चामड्याच्या पट्ट्यासारखं. यांच्यावर सुरकुत्या होत्या. नुकतंच आम्ही या सगळ्या झाडांचं रीपॉटिंग केलं होतं.

रीपॉटिंग म्हणजे झाड जुन्या कुंडीतून काढून नव्या मीडियात लावणं. मुळांभोवती आपण जे भरतो, त्याला आम्ही मीडिया म्हणतो. या ऑर्किडला माती चालत नाही. जंगलात ते झाडाच्या खोडाला धरून राहतं, मुळं हवेत सोडून. आमची झाडं आली तेव्हा मॉसमध्ये होती. मॉस म्हणजे वाळवलेलं शेवाळ. ते स्पंजासारखं पाणी धरून ठेवतं. आमच्याकडच्या पावसाळ्यात ते सुकायचं नावच घेत नाही आणि मुळं कुजतात. म्हणून सालीचे तुकडे आणि लोणारी कोळसा असा मीडिया मी सुचवला होता.

"मॉस काढा, असं तूच म्हणालास ना?"

"हो साहेब."

"मग आता?"

"झाडाला बदल जाणवतोय. नवी मुळं आली की सावरेल."

"कधी येतील?"

"तारीख नाही सांगता येत, साहेब."

साहेब पुण्याला राहतात, महिन्यातून एखाद-दुसरी फेरी मारतात. गाडीत बसताना म्हणाले, "पुढच्या फेरीला मला फरक दिसला पाहिजे. नाही तर हे सगळं काढून टाक. जरबेरा लावू. त्याची कटकट कमी."

हे बोलणं दारापाशी उभ्या असलेल्या सुमनमावशींनी ऐकलं. वेल्ह्याच्या बाजूच्या वाड्यांवरून रोज टेम्पोनं ज्या बायका कामाला येतात, त्यांच्या त्या म्होरक्या. भाताची लावणी आणि कापणी सोडली तर गावात बायकांना वर्षभराचं काम नाही. ऑर्किडमुळे ते मिळालं होतं.

"भाऊ, जरबेऱ्याला आमी समद्या लागणार का?"

"दोघी-तिघी लागतील, मावशी."

"आन बाकीच्यांनी काय तोरण्याकडं तोंड करून बसायचं?"

मी एक कुंडी उचलली आणि झाड बाहेर काढायला लागलो. निघेना. दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा सालीच्या तुकड्यांसकट बाहेर आलं. जिथून पानं फुटतात तो मानेचा भाग पार आत गाडलेला होता आणि ओला होऊन मऊ पडला होता. दुसरी कुंडी पाहिली, तिसरी पाहिली. सगळीकडे तेच.

"मावशी, हे कुणी लावलं?"

"समद्यांनीच की. का? कच्चं लावलंय व्हय? हाललं तर सांगा!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. भाताचं रोप चिखलात अंगठ्यानं दाबून रोवावं लागतं, नाही तर ते पाण्यावर तरंगतं. रोवलं की खाचरात पाणी धरून ठेवायचं. या बायकांचे हात लहानपणापासून तेच करत आलेत. मी त्यांना रीपॉटिंगच्या दिवशी म्हटलं होतं, "लावणी नीट करा." त्यांनी अगदी नीट लावणी केली होती.

सगळी झाडं पुन्हा वर उचलून घ्यावी लागली. मान उघडी, मुळं फक्त सालींमध्ये अडकवलेली. बायकांना ते अजिबात पटलं नाही.

"हे तर उघडंवाघडं बसलंय. वारा आला की पडंल."

"काठीला बांधू, मावशी. पण गाडायचं नाही."

पुढचा प्रश्न पाण्याचा होता. ऑर्किडच्या मुळावर पांढरा, स्पंजासारखा थर असतो. मॉसमध्ये वाढलेल्या मुळाला सतत ओलाव्याची सवय लागलेली असते. सालीतून पाणी लगेच निथळून जातं. जुन्या मुळांना ते झेपत नाही. त्यातली बरीच हळूहळू मरतात. मग झाड नव्या मीडियाला जमतील अशी नवी मुळं काढतं. मधल्या काळात पानांतलं पाणी उडून जातं आणि खालून पुरेसं येत नाही. म्हणून पान लोळतं. लोळलेलं पान पाहून कुणालाही वाटतं, पाणी घाला. नेमकं तेच करायचं नसतं. जखमी मुळं ओली राहिली की कुजतात.

मी वरची शेडनेट ओढून ऊन कमी केलं. खत पूर्ण बंद केलं. साली सुकल्याशिवाय पाणी द्यायचं नाही, असं सगळ्यांना बजावलं.

तरी कोपऱ्यातल्या टेबलावरची झाडं काळी पडत चालली. तिथल्या साली कधी पाहाव्यात तेव्हा ओल्या. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी लवकर आत आलो, तर सुमनमावशी पाण्याचा तांब्या घेऊन त्या टेबलापाशी वाकलेल्या.

"मावशी!"

त्या दचकल्या, पण तांब्या लपवला नाही. "घोट घोटच देतीय. समद्यांत ही लई सुकल्यात. बघवत न्हाई मला."

"मावशी, भात लावल्यावर पिवळं पडतं, तेव्हा तुम्ही घाबरता का?"

"का घाबरायचं? रोप बसत असतंय."

"हेही बसतंय."

"व्हय, पर ते पाण्यात बसतंय. हे कशात बसतंय?"

"हवेत. म्हणून हवा ओली ठेवायची. पाणी झाडाला नाही द्यायचं, खाली जमिनीला द्यायचं."

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू कॉलेजात माझं डोकं फिरवून पाठवलंय. पण त्यांच्या हातांना काहीतरी काम देणं भाग होतं. ते बघत बसणारे हात नव्हते. टेबलांखाली खडी पसरलेली होती. त्यावर दुपारच्या वेळी पाणी मारायचं ठरलं. ते उन्हानं उडतं आणि पानांभोवती गारवा राहतो.

"म्हंजे सडा टाकायचा, असं सांगा की," मावशी म्हणाल्या.

तेव्हापासून रोज सडा पडायला लागला. बायकांनी आपसात पाळ्या लावल्या. झाडांकडे बघायचं, काळजी करायची आणि पाणी खडीवर ओतायचं. कोपऱ्यातल्या टेबलाची बरीच झाडं गेलीच. बाकीची ना सुधारत होती ना बिघडत होती. आमच्या कामातला हा सगळ्यात अवघड काळ.

मग एका सकाळी मावशींची हाक आली. "भाऊ, कीड लागली! हिरवी अळी हाय!" त्या चिमटीत धरून ती काढणारच होत्या.

मी धावलो. बुंध्यापाशी तांदळाएवढं हिरवं, चकचकीत टोक बाहेर आलं होतं.

"मावशी, सोडा! मूळ आहे ते!"

त्यांनी हात झटकन मागे घेतला, जसं काही बाळाला लागलं असतं. मग सगळ्या बायका जमल्या आणि आपापल्या टेबलावर अळ्या शोधायला लागल्या.

साहेब आले तेव्हा पानं पूर्ण ताठ झाली नव्हती. सुरकुत्या होत्याच. मी त्यांना पानं दाखवलीच नाहीत. कुंडी वळवून मुळं दाखवली. ती सालींना घट्ट धरायला लागली होती.

साहेबांनी चार-सहा कुंड्या पाहिल्या. "जरबेराचं पुढच्या वर्षी बघू," म्हणाले.

"पुढल्या वर्षीबी नको, सायेब," मागून मावशींचा आवाज आला. साहेब हसले.

मी यातून एवढंच शिकलो, की नवीन मीडिया आणताना काम करणाऱ्यांच्या हातांना आधी कशाची सवय आहे ते विचारावं.

पहिली फुलं आली तेव्हा साहेबांना विचारून एक कुंडी भोरला पाठवली. चाचींना आता फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून सोबत पत्र दिलं. ते असं:

चाची, सलाम.

हे झाड तुमच्यासाठी. ऊन थेट लागू देऊ नका, शिलाई मशीनजवळच्या खिडकीत पडद्याआड ठेवा. कुंडीतल्या साली सुकल्या तरच पाणी घाला.

मी डोंगरावरून तुमच्याकडे आलो तेव्हा कितीतरी दिवस धड जेवत नव्हतो, बोलत नव्हतो. शेजारच्या बायका म्हणायच्या, पोराला जवळ घ्या, समजवा, नाही तर परत पाठवा. तुम्ही यातलं काहीच केलं नाहीत. ताट झाकून ठेवायचात आणि माझ्या खोलीचं दार उघडं ठेवून पलीकडे मशीन चालवत बसायचात. त्या आवाजात मला झोप लागायची. तुम्ही असं का करत होतात, ते मला या झाडांमुळे आता कळलं.

फुलं गळाली तर झाड मेलं असं समजू नका, टाकून देऊ नका. मी दिवाळीत येतो. तोवर नुसतं त्याच्याजवळ बसून शिवत जा.

तुमचा,
निलेश