साडेअकरा नंबर

वलगावच्या सुंदराबाईला इंग्रजीतलं एकच क्रियापद येत होतं, पण त्याच्या जोरावर तिनं अख्खा संसार रेटला होता. ते म्हणजे अ‍ॅडजस्ट.

सकाळी अमरावतीला निघणाऱ्या ऑटोत मागच्या सीटवर तिघी आधीच दाटीनं बसलेल्या असत. सुंदराबाई मेथीची एक आणि सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एक अशा दोन पाट्या टपावर चढवायची आणि म्हणायची, "अ‍ॅडजस्ट करा वं माय." वाक्य संपेपर्यंत तिची पाठ सीटला टेकलेली असे. भाजीत मीठ जास्त पडलं की नवऱ्याला हाच शब्द. सून माहेरी दोन दिवस जास्त राहते म्हणाली की तिलाही हाच. गिऱ्हाईक भावासाठी हटून बसलं तर, "तुमाले अ‍ॅडजस्ट करा लागन, भाऊ." शब्द कितीही फिरवला तरी त्याचं तोंड समोरच्याकडेच. तो आपल्याकडेही वळू शकतो, हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

चैत्रात अकोल्याच्या लेकीला मुलगी झाली. सुंदराबाई बारशाला म्हणून गेली ती आठ दिवस राहिली. तेवढ्यात इकडे बाजारात पांढऱ्या पट्ट्या मारल्या गेल्या. हजर असलेल्या प्रत्येकीला चार फूट आणि एक नंबर. बावीस वर्षं ती ज्या कडुलिंबाखाली बसली, तिथं आता अकरा नंबरवर ऑटोतली भावना होती आणि बारावर पार्बताबाई.

तिनं जागा वाटणाऱ्या शेखरला गाठलं. "शेखरभाऊ, अ‍ॅडजस्ट करा ना."

"मावशी, रंग वाळला. आता नंबर पुढच्या वर्षी. मधात कोण कोणाले बसवते, ते तुमचं तुमी पाहा."

सुंदराबाई दोन्ही पाट्या घेऊन कडुलिंबाखाली आली. "अ‍ॅडजस्ट करा वं."

कोणी हललं नाही. भावना वांगी रचत होती. मान वर न करता म्हणाली, "कावून? आठ वर्षं झाले, ऑटोत मी अर्ध्या ढुंगणावर बसून येऊन राहिली. तुमी कधी इंचभर सरकल्या काय?"

"मी त शेवटी चढतो वं! मले सरकाले जागाच कुठी असते?"

सगळ्या बाया हसल्या. पार्बताबाईला तर ठसका लागला. सुंदराबाई मात्र हसली नाही. तो दिवस तिनं नळापाशी उन्हात काढला. दहा वाजेपर्यंत मेथीनं माना टाकल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ती ऑटोच्या दारात थांबली. "होते काय जागा?" तिनं विचारलं, आणि चक्क उत्तराची वाट पाहिली. ऑटोवाल्याला वाटलं, बाईला बरं नाही. "मावशी, दवाखान्यात थांबवू काय?"

बाजारात ती कडुलिंबापाशी नुसती उभी राहिली. भावनानं तिच्या हाताकडे पाहिलं. एकच पाटी होती, सांबाराची.

"मेथी कुठी हाये?"

"घरी. एका पाटीपुरतीच जागा मागाची होती."

भावनानं वांग्यांचा ढीग वीतभर आत ओढला. पार्बताबाईनंही पुटपुटत टोपलं सरकवलं. पांढरी पट्टी नेमकी सुंदराबाईच्या मांडीखाली गेली. शेखर तिकडून दोनदा गेला आणि दोन्ही वेळा त्याला झाडावरचे कावळेच दिसले. दुपारी भावनानं खडूनं जमिनीवर लिहिलं: साडेअकरा.

चार दिवस सुरळीत गेले. पाचव्या दिवशी सुंदराबाई दोन पाट्या घेऊन आली.

भावनानं कमरेवर हात ठेवले. "बोला. बोला तो शब्द."

सुंदराबाईच्या ओठांपर्यंत तो आला होता. तिनं तो गिळला, सांबार पुढ्यात मांडला आणि मेथीची पाटी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली.

"तुले कोण काय म्हणून राहिलं वं?" ती म्हणाली. "मांडी माझीच हाये."