नऊ वाजता उतरवलेली कोंबडी

आणीबाणी उठल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं. सांडोरला, आमच्या केळीच्या वाडीला लागूनच मांडव घातला होता. रांधायला आईची बहीण, आमची मावशी होती. गावातल्या निम्म्या लग्नांचं जेवण तिच्या हातचं असायचं.

चर्चमधली लग्नाची प्रार्थना, मिस्सा, दहाची होती. नवऱ्या मुलाकडचे भिवंडीच्या बाजूला राहत. बारापर्यंत जेवणं उरकतील या हिशेबाने मावशीने ओल्या नारळाच्या वाटणातली कोंबडी नऊ वाजता चुलीवरून उतरवली. तीन मोठे टोप. वर झाकणं, झाकणांवर ओली फडकी.

दहा वाजले, अकरा वाजले, वऱ्हाडाचा पत्ता नाही. फोन कुणाकडे होता? बाराच्या सुमाराला एक जण सायकल दामटत आला आणि म्हणाला, कामणच्या अलीकडे बस बंद पडलीय. ते आले अडीचला. फादर बिचारे थांबले होते. मिस्सा, मग फोटो, मग बँड. पानं मांडायला पाच वाजले.

त्याआधी मावशीने मला मांडवामागे बोलावलं. पप्पा तिथेच उभे होते.

"भावोजी, यात नारळ आहे. आठ तास झाले. मला हे वाढावंसं वाटत नाही."

"मग काय वाढू? नुसता भात?" पप्पांचा आवाज चढला. "माणसं सकाळपासून उपाशी आहेत."

"डाळ टाकते. तासभर लागेल."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. "तू चाखून बघ."

मी शाळेत शिकवत होते, घरात माझ्या शब्दाला वजन होतं. पळीभर रस्सा हातावर घेतला. वास चांगला, चव चांगली, आंबटपणाचा लवलेशही नाही. मी म्हटलं, "काही झालेलं नाही. गरम करा नि वाढा."

मावशीने चुलीत लाकडं सारली. टोप पुन्हा चुलीवर चढले. कडेने बुडबुडे आले तसे लगेच उतरवले, पंगत खोळंबली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून माणसं आजारी पडायला लागली. आमच्याकडची, त्यांच्याकडची. उलट्या, जुलाब. मीही दोन दिवस अंथरुणात होते. सगळे उठले. बहिणीची सासू उठली नाही. तिला आधीच साखरेचा आजार होता. तिसऱ्या दिवशी ती दवाखान्यातच वारली.

तिच्या मातीला गेलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांना मीच गाठलं. म्हटलं, "मी चाखून बघितलं होतं हो."

ते म्हणाले, "चवीला कळत नसतं बाई. असलं कालवण या दिवसांत तास, फार तर दोन तास बाहेर राहावं. पुढे त्यात जे तयार होतं त्याला ना वास, ना चव. आणि मग उकळलं तरी सगळं जात नाही."

दोन तास. म्हणजे अकरालाच ते टाकायला हवं होतं, वऱ्हाडाची वाट बघत आम्ही मांडवात सरबत वाटत होतो तेव्हा.

मावशीने त्यानंतर कुणाच्या लग्नाला पळी धरली नाही. बोलावणंही आलं नाही. लोक तिचंच नाव घेत, आणि पप्पा ऐकून गप्प बसत. मीही गप्प बसले. शाळेतल्या नोकरीचं भय होतं असं स्वतःला सांगायचे, पण ते काही खरं नव्हतं.

बहीण त्या घरात राहिली. सासऱ्याने तिच्या हातचं कधी खाल्लं नाही. तो शेजारच्या भाचीकडे जेवायचा, रोज, बहिणीच्या समोरून रिकामं ताट घेऊन जायचा. तिचा नवरा भांडला नाही, त्याने तिची बाजूही घेतली नाही.

मावशी वारल्यावर बहीण मातीला आली होती. परतताना मी तिला सांगून टाकलं, की मावशी नको म्हणत होती, हो म्हणणारी मी होते.

ती म्हणाली, "मला पहिल्यापासून माहीत आहे. मावशीनेच सांगितलं होतं, लग्नानंतर महिन्याभरात."

"मग तू बोलली का नाहीस?"

"कुणाला सांगू? सासऱ्याला? त्याला दोष द्यायला कुणीही एक पुरत होतं."

एसटी आली. मी खिडकीपाशी थांबले, पण तिने तोंड दुसरीकडे केलं होतं. नंतर आम्ही भेटत राहिलो, नाताळला, बारशाला, मातीला. तो विषय तिने पुन्हा काढला नाही, आणि माझ्या घरी ती कधी जेवायलाही थांबली नाही.