डहाणूतल्या सुया आणि मी वाटलेल्या पुड्या

लोक डहाणूला समुद्र बघायला जातात, चिकू खायला जातात. मी सुया टोचून घ्यायला गेले. उजवा हात खांद्याच्या वर जायचं नाव घेत नव्हता. नाशकात चार महिने शेक, मलम, व्यायाम, गोळ्या सगळं करून झालं होतं आणि केस विंचरताना अजूनही डोळ्यांत पाणी यायचं. मी विम्याचं काम करते. त्याच कामातली एक मैत्रीण म्हणाली, "डहाणू रोडला अॅक्युपंक्चरवाल्या एक डॉक्टरीणबाई आहेत, माझी मान त्यांनीच सोडवली. दहा दिवस राहा, सकाळी सुया घे, दुपारनंतर भटक." भटक हा शब्द कानावर पडला की मला पुढचं काही ऐकू येत नाही. दोन दिवसांत बॅग भरली.

तुमच्यापैकी कुणी असा बेत करत असेल, तर उपयोगाचं सगळं इथे सांगते. पण या प्रवासात मी एक असं वागले आहे की त्याची मला लाज वाटते. तेही सांगणार आहे, आणि वाचताना माझ्याबद्दलचं मत खाली आलं तर येऊ दे.

नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, कासा आणि चारोटीला हायवे ओलांडून डहाणू, असा रस्ता धरला. जानेवारीतली सकाळ, घाटात धुकं आणि समोरून येणारी एसटी. पेट्रोल नाशकातच भरून घ्या, मध्ये पंप शोधत बसू नका. जव्हारला थांबून वडा-चहा घेतला तरी साडेचार तासांत पोचतो माणूस. गिअर डाव्या हाताचे, म्हणून माझी गाडी चालली. रिव्हर्स घेताना मात्र आई आठवली.

मसोलीच्या बाजूला नलूताईंची चिकूची वाडी आहे. तिथल्या दोन खोल्या त्या पाहुण्यांना देतात. नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून सोळाशे रुपये, आणि जेवण म्हणजे तांदळाची भाकरी, ताजे बोंबील, वालाची भाजी. पैसा वसूल. नलूताई मराठीत सुरू करून गुजरातीत वाक्य संपवतात आणि दोन्हींत सारख्याच रागावतात. "अजून एक भाकरी घ्या, खांदा काय उपाशीपोटी बरा होतो?" हे पहिल्याच रात्री.

दुसऱ्या दिवशी दवाखाना. तिथली पहिली भेट म्हणजे निम्मी चौकशीच. मॅडमनी दोन्ही हातांची नाडी पाहिली, जीभ बाहेर काढायला लावली, झोप, भूक, पोट, पाळी कधी थांबली, सगळं विचारलं. हातात चार पानांचा फॉर्म दिला. गरोदर आहात का, पेसमेकर आहे का, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का, बाकी कुठल्या गोळ्या, कुठला काढा. मी सरसर 'नाही' लिहीत गेले. वीस वर्षं लोकांकडून तब्येतीचे फॉर्म भरून घेतलेत, त्यामुळे हे कागद भरायचे असतात, वाचायचे नसतात, अशी माझी समजूत. मॅडमनी फॉर्म परत माझ्यासमोर ठेवला आणि एकेक ओळ मोठ्याने वाचायला लावली. मला जरा राग आला.

नव्या पेशंटसाठी थोडक्यात सांगते. उपाशीपोटी जाऊ नका, आणि टम्म जेवूनही जाऊ नका. सैल कपडे घाला. सुयांचं पाकीट आपल्यासमोर फोडलेलं पाहा, एकदा वापरलेली सुई पुन्हा वापरायची नसते. आपल्या राज्यात अॅक्युपंक्चर करणाऱ्यांची नोंदणी असते, ती विचारायला लाजू नका. सुई केसाएवढी बारीक, टोचताना मुंगी चावल्यासारखं होतं आणि मग आत जडपणा येतो. झणझणलं किंवा फार दुखलं तर लगेच सांगा. मला तर खांद्यासाठी पायाच्या नडगीत सुई टोचली, तेव्हा मी मनात म्हटलं, बाई पत्ता चुकली. वीस मिनिटं पडून राहायचं. मी घोरले म्हणे. उठल्यावर चक्कर येऊ शकते, म्हणून लगेच गाडी चालवू नका. बैठकीला पाचशे रुपये. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, चालू असलेली कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

सुयांबरोबर मॅडमनी चिनी वनौषधींच्या पुड्या दिल्या. भुरी पूड, कोमट पाण्यातून दिवसाला दोनदा, चव अशी की कारलं गोड वाटावं. पुड्यांची पिशवी हातात देताना त्या म्हणाल्या, "हे तुमच्यासाठी बनवलंय. दुसऱ्या कुणाला देऊ नका, दुखणं तेच असलं तरी. वनस्पती आहे म्हणून निरुपद्रवी आहे असं नसतं." मी मान डोलावली. खरं सांगते, तेव्हा मी फोनवर बोर्डीच्या रस्त्याचा नकाशा बघत होते.

चौथ्या दिवशी हात कानापर्यंत गेला! मी वाडीत नाचायचीच बाकी राहिले. तिथे झाडाखाली लखी चिकू निवडत बसलेली असायची. चाळिशीची, तलासरीजवळच्या पाड्यावरची. सोमवार ते शनिवार वाडीतल्या खोलीत राहायची, रविवारी घरी. लहान-मोठे चिकू वेगळे करून क्रेट भरायचे, हे तिचं काम. नलूताई तिला ओझं उचलू देत नसत, का ते मी विचारलं नाही. तिच्या पोलक्याच्या गळ्याशी छातीवरचा उभा व्रण दिसायचा. तोही मी पाहिला होता आणि त्याबद्दलही विचारलं नाही.

"मनापण खांदा दुखते, बाय," ती म्हणाली. "रात्री कूस नाय बदलता येत."

आपल्याकडे औषध वाटायची एक सवय आहे. शेजारणीला गुण आलेली गोळी आपण घेतो, आपल्याला गुण आलेला काढा नणंदेला पाठवतो, आणि त्यात आपल्याला फार प्रेमळ वाटतं. मी खोलीत जाऊन दहा पुड्या आणल्या आणि लखीच्या हातावर ठेवल्या.

"मना ती रोजची गोळी हाय, डागतर बोलला का..." तिने सुरुवात केली.

"अगं, हे नैसर्गिक आहे, झाडाची मुळं. ह्याने काही होत नाही," मी तिचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. वर तिचा पुड्या हातात घेतलेला फोटो काढला. ब्लॉगसाठी.

पुढचे दिवस मजेत गेले. बोर्डीच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांतून चालले. एका संध्याकाळी वाढवणला गेले, होड्या लागत होत्या, तिथे होऊ घातलेल्या मोठ्या बंदराच्या विरोधातल्या घोषणा भिंतींवर रंगवलेल्या. मासे निवडणाऱ्या एका बाईला सहज विचारलं, बंदर झालं तर काय? ती वर न बघता म्हणाली, "तुम्ही फिरायला आलात ना? फिरा." मला ते लागलं होतं, पण तेव्हा वाटलं की बाई जरा फटकळ आहे.

नवव्या दिवशी, सोमवारी, लखी कामावर आली नाही. नलूताई फोन ठेवून म्हणाल्या, "तिच्या नाकातून रक्त थांबत नाय. दवाखान्यात नेलंय, तलासरीला. हृदयाच्या वॉल्वचं ऑपरेशन झालेलं ना तिचं, रक्त पातळ करायची गोळी चालू असते कायम."

फॉर्ममधली ती ओळ मी मोठ्याने वाचली होती. नलूताईंना मी एवढंच म्हटलं, "मी बघून येते."

डहाणूहून तलासरी तासाभराची वाट. हायवेच्या कडेला मडक्यांत कंद भाजून उबाडियू विकणारे बसले होते. जाताना खाऊ असं मी आठवडाभर ठरवलं होतं. मी थांबले नाही. दवाखान्यात लखी खाटेवर बसून होती, नाकात बोळे, दंडांवर जांभळे डाग. शेजारी तिची मुलगी सविता, हातात आईची गोळ्यांची वही घट्ट धरून. तरुण डॉक्टर विचारत होते, "गोळी तीच, वेळ तीच, मग रक्त एवढं पातळ झालं कसं? बाहेरचं काय घेतलंस?"

लखीने माझ्याकडे एकदा पाहिलं. "पुडी घेतली. बाजारातली."

"कसली पुडी? काय होतं तिच्यात?"

"माहीत नाय."

डॉक्टर चिडले. एवढं मोठं ऑपरेशन झालेलं, महिन्याला तपासायला येतेस, दर वेळी सांगतो, आणि बाजारातला पाला खातेस? सिस्टरही म्हणाल्या, "ह्या लोकांना किती सांगायचं." वॉर्डातल्या सगळ्यांनी ऐकलं. लखी मान खाली घालून बसली. मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते, चांगली साडी, खांद्याला पर्स, आणि माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही.

बाहेर येऊन मॅडमना फोन लावला. त्यांना खरं सांगितलं, कारण त्याशिवाय उत्तर मिळणार नव्हतं. मग पुडीतली एकेक वनस्पती त्यांनी मला लिहून घ्यायला लावली. त्यातली एक मुळी त्या गोळीचा जोर वाढवते. "आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना द्या," म्हणाल्या, "आणि मला त्यांचा नंबर द्या."

मी आत गेले, चिठ्ठी डॉक्टरांच्या हातात दिली आणि म्हणाले, "मी डहाणूत चौकशी केली. अशा पुड्यांत हे असतं म्हणे."

म्हणे! माझ्या स्वतःच्या पिशवीतली पुडी, आणि मी 'म्हणे' म्हणाले. मॅडमशी फोनवर बोलून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "बरं झालं तुम्ही होतात. अशी माणसं असतात म्हणून हे लोक वाचतात." मॅडमनी माझं नाव घेतलं नव्हतं. ते मी सांगेन असं त्यांना वाटलं असावं.

इंजेक्शन दिलं, दोन दिवस गोळी बंद ठेवायला सांगितली, रक्त पुन्हा तपासायला गेलं. संध्याकाळपर्यंत नाकातलं रक्त थांबलं. निघताना मी लखीला हळूच विचारलं, "बाजारातली का म्हणालीस?"

"तुमी ताईंची पावणी. तुमचं नाव घेतलं आन ताईंना राग आला, तर माझं काम जातंय," ती म्हणाली. तिच्या डोक्यात तिचा रोजगार होता. मी वेडी, मला वाटलं होतं की ती माझी लाज राखते आहे.

उरलेली बैठक घेतली नाही. निघण्याआधी दवाखान्यात गेले, तर मॅडमनी मला एक शब्द सुनावला नाही, ते जास्त लागलं. पिशवीतल्या उरलेल्या पुड्या त्यांनी परत घेतल्या आणि मोजल्या. तो फोटो मी फोनमधून काढून टाकला. नाशकाला परतताना घाट कधी चढले ते कळलंही नाही.

घरी येऊन आधी नलूताईंना फोनवर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "लखीला मी नाय काढणार, तिची काय चूक? पण तुम्हाला परत खोली देईन का, ते नाय सांगत." बरोबरच होतं त्यांचं.

मग हा लेख लिहिला. पहिल्या खेपेला त्यात रस्ता होता, बोंबील होते, सुया होत्या, नव्या पेशंटसाठी सूचना होत्या. लखी नव्हती. 'आपली औषधं इतरांना देऊ नयेत' अशी एक ओळ तेवढी होती, जणू मला हे जन्मापासून ठाऊक होतं. वाचताना इतकी शिसारी आली की सगळं खोडलं आणि सविताच्या फोनवर लखीला फोन केला. ती परत कामाला लागली होती. म्हटलं, झालं ते सगळं खरं लिहू का? तुझं नाव बदलून?

"लिवा," ती म्हणाली. मग थांबून तिने विचारलं, "ते दवाखान्यातली शिस्टर वाचंल काय?"

"नाही गं. हे वाचणारे लोक वेगळे."

"ती अजून बोलते मना. रक्त तपासायला गेले का सगळ्यांसमोर विचारते, आज बाजारातून काय खाल्लंस? बायका हसतात." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "ताईंना आता माहीत हाय. मग शिस्टरलापण सांगा ना, बाय."

मी म्हटलं, फोन करते त्यांना, आजच. आणि म्हणता म्हणता लक्षात आलं की मी अजूनही दार लावून, कुणी बघत नसताना खरं बोलायची सोय शोधते आहे. बोलणी तिने सगळ्यांसमोर खाल्ली होती.

येत्या सोमवारी लखीची तपासणी आहे. पहाटे नाशकातून निघाले तर दहापर्यंत तलासरीला पोचते. तिच्याबरोबर बाकावर बसायचं, आणि तिचा नंबर आला की सिस्टरांना, डॉक्टरांना, रांगेतल्या बायकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगायचं, की हिने बाजारातलं काही खाल्लं नव्हतं. ती सांगत होती, मी ऐकलं नाही. पुडी मी दिली.