खुशालीचा फोन

माझ्या सासऱ्यांच्या अंगावरून वारं गेलं, त्याच वर्षी घरचा फोन पावसात बंद पडला. रस्त्याच्या कामात केबल तुटली होती. लाइनमन दोनदा येऊन बघून गेला. दिवाळी सरली तरी केबल काही आली नाही. शेवटी मुंबईच्या धाकट्या भाऊजींनी एक मोबाइल पाठवून दिला.

आमचं घर मालगुंडच्या अलीकडे, आंब्याच्या बागेत, उताराच्या अगदी तळाला. तिथे रेंज नाही. पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून वर सड्यावर जायचं, कातळावरच्या दगडी गडग्याला टेकून समुद्राकडे तोंड करायचं, की दोन दांड्या दिसायच्या. चढायला वीस मिनिटं, उतरायला पंधरा. आमचे हे एसटीत ड्रायव्हर, दिवसाआड मुक्कामाची गाडी. तेव्हा मामंजींची खुशाली रोज संध्याकाळी कळवायचं काम माझ्याकडे आलं.

एक फोन भाऊजींना, एक वन्संना. बहीणभावाचं आपसात बोलणं कमी, म्हणून तेच दोनदा सांगायचं. जेवले का, गोळ्या वेळेवर देतेस ना, कुशीवर वळवतेस ना. वाऱ्याने अर्धं ऐकू जात नसे. मग मी मोठ्याने ओरडून मामंजींना शौचाला साफ झाल्याचं सांगायची आणि गुरं घेऊन परतणारी माणसं माझ्याकडे बघत जायची.

निघताना मामंजींना पाणी पाजून, उशी सारखी करून सांगायची, "जाऊन येते हं." त्यांना बोलता येत नसे, समजत सगळं होतं. मी बाहेरून कडी लावेपर्यंत ते दाराकडे बघत असायचे.

मार्गशीर्षातली गोष्ट. फोन करून खाली आले तर मामंजी खाटेवर नव्हते. खाट आणि भिंत यांच्या मधे पडले होते. कोपर सोललं होतं, धोतर ओलं झालं होतं. डाव्या हाताने खाटेचा पाय घट्ट धरून ठेवला होता.

"कधीपासून पडलायत?" मी विचारलं. त्यांना सांगता येईना. त्यांच्या बगलेत खांदा घालून कसंबसं वर घेतलं. वर सड्यावर मी नुकतंच दोघांनाही सांगून आले होते, मामंजी एकदम बरे आहेत.

दुसऱ्या दिवशी मी वर गेले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. राग आला म्हणून नव्हे, पाय उचलेनात. हे म्हणाले, "मी करतो डेपोतून." आणि विसरले.

चौथ्या दिवशी सकाळी मी मामंजींना पेज भरवत होते, तर वन्सं आणि भाऊजी पिशव्या घेऊन दारात. वन्संचे डोळे सुजलेले. वडिलांना बसलेलं बघून त्या उंबऱ्यातच खाली बसल्या.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, दोन दिवस फोन नाही. आम्ही काय समजायचं?"

मी म्हटलं, "पेज संपू दे. मग बोलू."

नंतर एवढंच सांगितलं, वर जायला जमलं नाही. भाऊजी दुसऱ्या दिवशी परत गेले. वन्सं आठ दिवस राहिल्या. भाऊजी गेल्यानंतरच्या पहिल्याच संध्याकाळी मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. "आज तुम्ही कळवा भाऊजींना." परत आल्या तेव्हा त्यांना दम लागला होता. पायरीवर बसून चपला काढत म्हणाल्या, "एकच गोष्ट तीनदा विचारली त्याने."

मग मी त्यांना मामंजी पडल्याचं सांगितलं.

"फोनवर का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार? मी फोन करायला वर आले म्हणून पडले, असं?"

त्यांनी आत जाऊन वडिलांच्या कोपरावरची खपली बघितली, त्यावर खोबरेल लावलं. मुंबईला परतायच्या आदल्या दिवशी त्यांनी वरून भावाला सांगितलं, यापुढे फोन फक्त हे घरी असतील तेव्हा. भाऊजी आठवडाभर माझ्यावर रुसले. मग सवय झाली.

मामंजी त्यानंतर दीड वर्ष होते. गेले त्या सकाळी हे घरी होते. कळवायला तेच सड्यावर गेले. मी मामंजींच्या पायाशी बसून राहिले, आणि बसल्या जागी मला झोप लागली.